वाचकांचे प्रश्न : 'वर्केड' की 'वर्क्ट'?

प्रश्न : आदरणीय बाई, मी नागपुरातील महाल भागात राहते. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर मी १२ वर्षे एका पतसंस्थेत हिशेबाचे काम केले. गेल्या महिन्यात मिहानमधील एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. लेखी परीक्षा उत्तम झाली, पण तोंडी परीक्षेत 'आय वर्केड', 'आय चेकेड', 'आय आस्केड' हे शब्द मला दोन-दोनदा परत म्हणायला लावले आणि शेवटी 'उच्चार सुधारून पुन्हा या' असे सांगण्यात आले. घरी येऊन भाचीला विचारले, तर ती म्हणाली, "मावशी, 'वर्क्ट' म्हणायचं." पण तीच भाची 'वॉन्टेड'ला मात्र 'वॉन्टेड'च म्हणते. स्पेलिंग तर सगळीकडे ई-डी असेच आहे. कुठे काय म्हणायचे, हे ठरवायचे तरी कसे? पुस्तकातील नियम पाठ केला, पण बोलताना तो आठवत नाही.
– एक वाचिका, महाल, नागपूर

उत्तर : भाचीने सांगितलेला 'वर्क्ट' बरोबर आहे आणि तिचे 'वॉन्टेड'ही बरोबर आहे. ई-डी ही अक्षरे सगळीकडे तीच असली, तरी त्यांचे उच्चार तीन होतात : कुठे नुसता 'ट', कुठे नुसता 'ड' आणि कुठे 'इड', ज्याला आपण मराठीत सवयीने 'एड' असे लिहितो. यांपैकी कोणता उच्चार कुठे येईल, हे मूळ क्रियापदाचा शेवटचा ध्वनी ठरवतो. तुम्ही नियम पाठ केलात आणि तो ऐन वेळी आठवला नाही, यात तुमचा काही दोष नाही. बोलणारा माणूस वाक्य जुळवताना व्यंजनांची यादी चाळत बसू शकत नाही. म्हणून हा नियम पाठांतरातून काढून कानात आणि गळ्यात कसा उतरवायचा, ते सविस्तर सांगते.

शाळेच्या व्याकरणात आपण कठोर आणि मृदू व्यंजने शिकलो होतो. संस्कृत परंपरेत त्यांना अघोष आणि घोष म्हणतात. हा फरक कागदावर कोरडा वाटतो, पण बोटांना तो लगेच कळतो. हाताची दोन बोटे गळ्याच्या मध्यावर हलकेच टेकवा आणि 'स्स्स्स' असा लांब आवाज काढा. बोटांना काहीच जाणवणार नाही. आता 'माझा' या शब्दातील 'झ' तसाच लांबवा. बोटांखाली भुंगा गुणगुणल्यासारखी थरथर जाणवेल. ही थरथर म्हणजेच घोष. क, च, ट, त, प, स, श यांच्या वेळी गळा शांत असतो, तर ग, ज, ड, द, ब, म, न, ल, र, व यांच्या वेळी आणि सगळ्या स्वरांच्या वेळी तो थरथरतो.

आता तुमचेच शब्द घ्या. 'वर्क' आणि 'चेक' या दोन्हींचा शेवट 'क'ने होतो, 'क'च्या वेळी गळा शांत असतो, म्हणून पुढची ई-डीही शांतच उच्चारायची : 'वर्क्ट', 'चेक्ट'. 'ओपन'चा शेवट 'न'ने होतो, गळा थरथरत असतो, ती थरथर तशीच पुढे न्यायची : 'ओपन्ड'. 'वॉन्ट'चा शेवट मात्र 'ट'नेच होतो, आणि 'ट'ला चिकटून आणखी एक 'ट' किंवा 'ड' म्हणायचा तर जीभ आधीच त्या जागी टेकलेली असते, दुसरा ध्वनी ऐकूच येणार नाही. त्यामुळे मध्ये एक छोटा स्वर घालावा लागतो : 'वॉन्टिड'. 'नीड', 'लोड', 'ॲड' अशा 'ड'ने संपणाऱ्या क्रियापदांचेही तसेच. जादा स्वर लागतो तो एवढ्या दोनच ध्वनींनंतर, ट आणि ड. बाकी कुठेही तो घालायचा नाही. तुमचे 'वर्केड', 'चेकेड' आणि 'आस्केड' तिथेच अडखळले.

या साऱ्यात स्पेलिंगवर विसंबू नका, कारण इंग्रजी स्पेलिंग इथे चकवा देते. 'लाफ'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी जी-एच आहे, पण ऐकू येतो तो 'फ', म्हणून 'लाफ्ट'. 'फिक्स'मधील एक्स म्हणजे 'क' आणि 'स' हे दोन ध्वनी, शेवटी 'स' आला, म्हणून 'फिक्स्ट'. 'रेस' आणि 'रेझ' ही दोन क्रियापदे पाहा : शर्यतीत धावणे ते 'रेस्ट' आणि हात वर करणे ते 'रेझ्ड'. स्पेलिंगमध्ये पहिल्यात सी आहे, दुसऱ्यात एस आहे, आणि एस दिसला की कुणीही 'स'च समजेल. गळ्यावर बोट ठेवलेत तर फसगत होणार नाही.

ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकीही नाही. 'रक्त', 'मुक्त', 'गुप्त', 'तृप्त' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा, आणि त्यांच्या शेजारी 'शब्द', 'लब्ध', 'मुग्ध', 'दग्ध' ठेवा. 'क' आणि 'प' या शांत व्यंजनांच्या शेजारी 'त' हे शांत व्यंजन आले आहे, तर 'ब' आणि 'ग' या थरथरणाऱ्या व्यंजनांच्या शेजारी 'द' किंवा 'ध' आला आहे. शांताशेजारी शांत, घोषाशेजारी घोष. त्यातही आपल्या शहराला रोजचा झालेला एक शब्द मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर नागपुरात ज्याच्या नावाचा घोष दरवर्षी दीक्षाभूमीवर होतो, तो 'बुद्ध' हा शब्द व्याकरणदृष्ट्या भूतकाळवाचक धातुसाधित आहे. 'बुध्' म्हणजे जाणणे, त्याला 'त' हा प्रत्यय लागला की 'ज्याने जाणले तो' असा अर्थ होतो. पण 'बुध्'चा 'ध्' घोष असल्यामुळे पुढचा 'त'ही घोष झाला आणि 'बुद्ध' हे रूप तयार झाले. 'मुच्' या धातूपासून मात्र 'मुक्त' झाले, तिथे 'त' आहे तसाच राहिला. मागचा ध्वनी पुढच्या प्रत्ययाला आपल्यासारखे करून घेतो, हीच ई-डीची सगळी तऱ्हा आहे. भाषाशास्त्रज्ञ तर इंग्रजी धातुसाधितांतील हा 'ड' आणि संस्कृतातील हा 'त' एकाच आद्य इंडो-युरोपीय प्रत्ययाचे वंशज मानतात. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाविषयीचे माझे अर्धे दडपण गेले होते.

एका ठिकाणी मात्र आपली रोजची मराठी आपल्याला उलट ओढते. भरभर बोलताना आपण 'एकदा'चे 'येग्दा' करतो आणि 'आठ दिवस'चे 'आड्दिवस'. म्हणजे इथे पुढचा ध्वनी मागच्याला बदलतो. त्याच ओढीने मधला स्वर काढून टाकलेला विद्यार्थी 'वर्क्ट'ऐवजी 'वर्ग्ड' म्हणू लागतो आणि 'स्टॉप्ट'ऐवजी 'स्टॉब्ड'. क्रियापद मूळचे आहे तसे ठेवायचे आणि बदलायची ती फक्त ई-डी, एवढे सुरुवातीचे काही दिवस जाणीवपूर्वक सांभाळावे लागते.

आता तुमच्या भाचीच्या 'वॉन्टेड'कडे परत येऊ. आपण मराठी बोलताना जे इंग्रजी शब्द सहज वापरतो, त्यांच्यात हा नियम बहुतेक बिनचूक पाळलेला असतो. लिमिटेड, अटेस्टेड, सिलेक्टेड, ब्रँडेड, रेकॉर्डेड हे शब्द घ्या आणि त्यांचे शेपूट काढून पाहा : लिमिट, अटेस्ट, सिलेक्ट, ब्रँड, रेकॉर्ड. सगळे 'ट' किंवा 'ड'नेच संपतात. उलट रिटायर्ड माणसाला कुणी 'रिटायरेड' म्हणत नाही, डिस्टिल्ड वॉटरला 'डिस्टिलेड' म्हणत नाही, आणि तुम्ही १२ वर्षे ज्या फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्या केल्यात, त्यांना एकदाही 'फिक्सेड' म्हणाला नसाल. मग 'वर्केड'च कुठून आले? माझा अनेक वर्षांचा अनुभव असा आहे की, कानाने आलेले शब्द बरोबर येतात आणि डोळ्याने आलेले चुकतात. 'रिटायर्ड' तुम्ही घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलात, पण 'वर्क्ट' तुम्हाला प्रथम भेटला तो पाठ्यपुस्तकात. मराठी माध्यमाच्या मुलांच्या पुस्तकांत इंग्रजी ओळींच्या वर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहिलेले असतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या पुस्तकात एका पानावर 'जंपेड, लुकेड, हेल्पेड, वॉकेड' असे चार शब्द एकाखाली एक लिहिलेले होते, आणि ती अक्षरे तिने इतक्या निगुतीने काढली होती की, खोडताना माझा हात अडखळला. आम्ही ती खोडली नाहीत, फक्त प्रत्येक शब्दातील मात्रा पुसली आणि 'ड'चा 'ट' केला.

आणखी एक अडचण तुम्हाला जाणवेल. 'शब्द', 'रक्त', 'मस्त' अशा जोडाक्षराने संपणाऱ्या शब्दांच्या शेवटी आपण हलकासा 'अ' सोडतो. तोच 'अ' 'वर्क्ट'च्या मागे लागला की, ऐकणाऱ्याला पुन्हा एक अवयव, म्हणजे उच्चाराचा एक तुकडा, जास्त ऐकू येतो. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे, शेवटचा 'ट' पुढच्या शब्दाच्या स्वराला जोडून टाकणे. 'आय वर्क्ट इन अ बँक' हे वाक्य 'आय वर्क-टिन-अ-बँक' असे म्हणून पाहा. 'आय चेक्ट ऑल द एन्ट्रीज' हे 'चेक-टॉल' असे म्हणा आणि 'आय आस्क्ट अ क्वेश्चन' हे 'आस्क-ट-क्वेश्चन' असे. सरावासाठी पहिले काही दिवस मुद्दाम अशीच वाक्ये निवडा, ज्यांत ई-डीच्या पुढे स्वर येतो. आणि तो 'ट' म्हणताना जीभ आपल्या 'टाळी'तील 'ट'सारखी मागे वळवू नका. 'चाक' किंवा 'चमचा' म्हणताना ती वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्यावर टेकते, साधारण तिथेच ती टेकवा.

ज्या शब्दांच्या आधारे कान लगेच तयार होतो, ते मराठी माणसाच्या ओळखीचेच आहेत. अंदाज केला या अर्थाचा 'गेस'चा भूतकाळ आणि गेस्ट हाऊसमधील 'गेस्ट' यांच्या उच्चारात तसूभर फरक नाही. 'पास'चा भूतकाळ आणि गतकाळ या अर्थाचा 'पास्ट' एकच. 'बॅन'चा भूतकाळ आणि लग्नातील बँड हेही तसेच. 'गेस्ट' तुम्हाला म्हणता येतो ना? मग 'मिस्ट', 'किस्ट', 'क्रॉस्ट', 'डिस्कस्ट' हे सगळे आलेच.

घरी करण्यासारखा एक सराव सांगते. नागपुरात त्यासाठी दुसरे साहित्य शोधायला नको, एक संत्रे पुरे. ते धुवा आणि म्हणा, 'आय वॉश्ट इट'. 'श' शांत, म्हणून 'ट'. सोला आणि म्हणा, 'आय पील्ड इट'. 'ल' घोष, म्हणून 'ड'. एक फोड तोंडात टाका आणि म्हणा, 'आय टेस्टिड इट'. 'ट'नंतर जादा स्वर. तिन्ही उच्चार एका संत्र्यात येतात, आणि हात काम करत असल्यामुळे ते डोक्याऐवजी जिभेवर बसतात. त्यानंतर रोज रात्री दिवसभराच्या कामांची आठ-दहा वाक्ये मोठ्याने म्हणा : स्कूटर 'पार्क्ट' केली, बर्डीवर 'शॉप्ट', मैत्रिणीला 'कॉल्ड', तिची वाट पाहत 'वेटिड'. मोबाइलवर ती ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. रात्री बोलताना लक्षात न आलेली चूक सकाळी कानाला बोचते.

तुमच्याकडे वेळ थोडा असेल, तर आधी फक्त जादा स्वर काढण्यावर लक्ष द्या. 'ट' आणि 'ड' यांची अदलाबदल झाली तरी ऐकणारा सहसा अडत नाही, पण एका अवयवाच्या 'वर्क्ट'चे दोन अवयवांचे 'वर्केड' झाले की, त्याला शब्दच वेगळा वाटू लागतो. मुलाखतीत तुम्हाला परत म्हणायला लावले गेले ते याच कारणाने असावे. 'पुन्हा या' असे त्यांनी म्हटले आहे, तर जरूर जा.

प्रश्न : मॅडम, मी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात कामकाज ऐकायला जातो, तेव्हा ज्येष्ठ वकील 'माय लर्निड फ्रेंड' असे म्हणतात. 'लर्न'चा शेवट 'न'ने होतो, मग नियमाने 'लर्न्ड' हवे. ज्येष्ठांचे चुकते असे म्हणण्याचे धाडस होत नाही.
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : ज्येष्ठांचे बरोबर आहे, आणि तुमचा नियमही बरोबर आहे. शिकलो या अर्थाचे क्रियापद असेल, तर 'लर्न्ड' किंवा ब्रिटिश वळणाने 'लर्न्ट'. विद्वान या अर्थाचे विशेषण असेल, तर 'लर्निड'. जुन्या इंग्रजीत ई-डीचा स्वर सगळीकडेच उच्चारला जात असे. चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या काळी, तो ऐकू येत होता. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही उच्चार चालत आणि वृत्ताला हवा तो कवी घेत असे. पुढे बोलण्यातून हा स्वर गळत गेला. १७१२ साली लेखक जोनाथन स्विफ्टने जाहीर तक्रार केली होती की, असे स्वर गाळल्यामुळे व्यंजनांची खडखड होते आणि भाषा कर्कश बनते. त्याचे कुणी ऐकले नाही, पण स्पेलिंगमध्ये ई तसाच राहिला आणि काही विशेषणांनी तो उच्चारातही जपला : नेकिड, विकिड, क्रुकिड, रॅगिड, रेचिड, सेक्रिड. वृद्ध माणूस तो 'एजिड मॅन', पण साक्षीपुराव्यात 'वय वर्षे ४०' असे सांगायचे असेल, तर 'एज्ड फॉर्टी'.

तुमच्या व्यवसायात लागणारा आणखी एक शब्द आत्ताच पक्का करून ठेवा. कथित या अर्थाचा 'अलेज्ड' दोन अवयवांचा आहे, पण त्याला 'ली' लागून क्रियाविशेषण झाले की, गळालेला स्वर परत येतो : 'अलेजिडली'. 'सपोझिडली' आणि 'मार्किडली' यांचेही तसेच.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत, सेमी-इंग्रजीला आहे. तिच्याबरोबर मी इंग्रजी गोष्टींचे व्हिडिओ पाहतो. त्यांत 'लुक्ट बॅक' किंवा 'वॉक्ट टू' ऐकताना मला ई-डी ऐकूच येत नाही, नुसते 'लुक बॅक' ऐकू येते. माझ्या कानाचा दोष आहे का? आणि तिला मी काय शिकवू?
– एक वडील, मनीषनगर, नागपूर

उत्तर : तुमचा कान अगदी चोख आहे. ई-डीच्या मागे व्यंजन आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीलाही व्यंजन असले की, मधला 'ट' किंवा 'ड' भरभर बोलण्यात गळून पडतो. आपणही 'फिक्स्ड डिपॉझिट'ला 'फिक्स डिपॉझिट' आणि 'मिस्ड कॉल'ला 'मिस कॉल' म्हणतोच. पुढे स्वर आला की तो ध्वनी पुन्हा स्पष्ट होतो, म्हणून व्हिडिओत 'लुक्ट अप' किंवा 'वॉक्ट अवे' अशा जागी मुलीला थांबवून ऐकवा.

तिने मात्र सध्या सगळीकडे ई-डी म्हणावी, असेच मी सुचवेन. 'आय वॉक' आणि 'आय वॉक्ट' यांत काळाचा फरक त्या एकाच ध्वनीवर उभा आहे, आणि तो नीट म्हणता येण्याआधीच गाळायची सवय लागली, तर लिहितानाही तो गळतो. याउलट 'यूस्ट टू' हा पूर्वी करत असे या अर्थाचा शब्द तिने पहिल्यापासून जोडूनच म्हणावा, दोन 'ट' वेगळे काढण्याची गरज नाही. वापरले या अर्थाचे 'यूझ्ड' वेगळे, तिथे 'झ' आहे.

चौथीतल्या मुलीला घोष-अघोष समजावण्याची घाई करू नका. गळ्यावर बोट ठेवायला तिला मजा वाटेल, तेवढे पुरे. घराच्या तीन कोपऱ्यांना ट, ड आणि इड अशी नावे द्या, तुम्ही क्रियापद म्हणा आणि तिने पळत त्या कोपऱ्यात जाऊन त्याचा भूतकाळ म्हणावा. 'जंप' म्हटले की 'ट'च्या कोपऱ्यात, 'प्ले' म्हटले की 'ड'च्या, 'पेंट' म्हटले की 'इड'च्या. चुकीच्या कोपऱ्यात गेली तर रागावू नका, तुम्ही स्वतः बरोबर कोपऱ्यात जाऊन तो शब्द म्हणा आणि पुढचा द्या. सुरुवात 'हेल्प', 'कुक', 'वॉश', 'क्लीन', 'ओपन', 'वॉन्ट' अशा घरातल्या क्रियापदांनी करा. 'कट' आणि 'पुट' मात्र या खेळात घेऊ नका, कारण ती भूतकाळातही बदलत नाहीत आणि ती बिचारी कोपरा शोधत राहील.